दिल्लीशी भांडणारे वाडीपाशी गप्प का?

केंद्राचा अर्थसंकल्प आला की महाराष्ट्रात एक ठरलेला वाद सुरू होतो. देशाच्या तिजोरीत सर्वांत जास्त भर घालणारे राज्य आपले, आणि परत मिळते काय? 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतला 41 टक्के हिस्सा राज्यांना दिला. त्या हिश्श्यात महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के, बिहारचा 10.058 आणि उत्तर प्रदेशचा 17.939. हे आकडे टीव्हीवर झळकतात, नेते छाती बडवतात, आपली पोरेही ते स्टेटसला ठेवतात. "आमच्या पैशावर दुसरे जगतात" ही ओळ मग भिसेगावच्या नाक्यावरही ऐकू येते.

मित्रांनो, या वादात आंबेडकरी माणसाने कुठे उभे राहायचे? मंत्रालयाच्या बाजूने, की दिल्लीच्या? माझे म्हणणे असे की हा वाद मंत्रालयाच्या दारात येऊन थांबतो, आणि आपला प्रश्न तिथूनच सुरू होतो. दिल्लीहून मुंबईला किती आले यावर गळा काढणारे लोक मुंबईहून ठाकूरवाडीत, कातकरवाडीत, बौद्धवाड्यात किती पोचले हे विचारले की गप्प होतात. राज्याची स्वायत्तता म्हणजे आपोआप आपली स्वायत्तता, असे समजण्याइतके भाबडे राहणे आता आपल्याला परवडणारे नाही.

अर्धी तक्रार खरी आहे

आधी जे खरे आहे ते मान्य करू. केंद्र सरकार उपकर आणि अधिभार लावते, तेव्हा त्यातला पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. संविधानाच्या 270 व्या आणि 271 व्या कलमांत ती मुभा आहे. म्हणजे कर वाढवायचा, पण त्याला नाव उपकराचे द्यायचे, की 41 टक्क्यांच्या गणितातून तो बाहेर. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि विक्रीकरासारखे राज्यांचे मोठे हत्यार परिषदेकडे गेले. त्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सर्व राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे सगळी राज्ये एकत्र आली तरी केंद्राच्या इच्छेविरुद्ध काही मंजूर करू शकत नाहीत. ही तक्रार तमिळनाडू, केरळ, कर्नाटक करतात आणि ती योग्य आहे.

पण "आमचा पैसा" ही भाषा घेऊन आपण त्यांच्यामागे जायचे नाही. मुंबईत कर का जास्त जमा होतो? कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबईत आहेत म्हणून. खाण झारखंडमध्ये, मजूर बिहारचा, आणि कर भरल्याची पावती नरिमन पॉइंटची. गरीब राज्याला लोकसंख्येच्या आणि गरिबीच्या मापाने जास्त वाटा मिळतो तो या अन्यायावरचा थोडासा उतारा आहे. तोच न्याय आपण कातकरवाडीसाठी मागतो. बिहारला नाकारायचा आणि वाडीसाठी मागायचा, असे दुतोंडी बोलणे आपल्याला शोभत नाही.

आणि हाच हिशेब आपल्या तालुक्यांना लावून बघा. खोपोलीच्या वीजघरातून 1915 पासून आणि भिवपुरीच्या वीजघरातून 1922 पासून मुंबईला वीज गेली. खालापूर तालुक्यात चौकजवळ मोरबे धरण आहे. त्याची मालकी नवी मुंबई महानगरपालिकेची. 450 दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेची ही योजना, तिच्यावर नवी मुंबई पाण्यासाठी स्वयंपूर्ण शहर म्हणून मिरवते. जमीन खालापूरची, बुडाली ती शेतकऱ्यांची आणि आदिवासींची शेते, आणि मालमत्ता कर, पाणीपट्टी, शहराची पत, सगळे खाडीच्या पलीकडे. धरणग्रस्त आपल्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करत आले. दिल्ली महाराष्ट्राला लुटते म्हणणाऱ्यांपैकी किती जण मोरब्याच्या धरणग्रस्तांबरोबर बसले?

इर्शाळवाडीचे नाव यादीत नव्हते

त्याच मोरबे धरणाच्या परिसरात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 माणसे बेपत्ता राहिली आणि शोध थांबवण्यात आला. ठाकूर आदिवासींची ही वाडी. वाहन जाईल असा रस्ता नव्हता. बचाव पथके भर पावसात डोंगर चढून गेली. आणि सरकारनेच सांगितले की ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. दोनच वर्षे आधी, जुलै 2021 मध्ये, याच रायगडच्या महाड तालुक्यात तळिये दरडीखाली गेले होते. म्हणजे जिल्ह्याला धोका नवा नव्हता.

यादी कोण करते? ज्याच्या हातात पैसा आणि नकाशा असतो तो. आपत्ती निवारणाचा पैसा केंद्राकडून राज्याला येतो, राज्याकडून जिल्ह्याला. कागदावर हे विकेंद्रीकरणच आहे. पण डोंगरावरच्या माणसाने "आमच्या वर भेगा पडल्यात" असे म्हटले तर त्याचे ऐकून खर्चाची दिशा बदलेल, अशी एकही पायरी त्या रचनेत नाही. पैसा वरून खाली उतरतो. माहिती आणि अधिकार खालून वर चढत नाहीत. इर्शाळवाडीच्या मृत्यूंना नुसता पाऊस जबाबदार धरून मोकळे होणाऱ्यांना हे विचारले पाहिजे.

बाबासाहेबांचा प्रबंध आपण वाचला का?

वित्त आयोगाची चर्चा निघाली की आपले कार्यकर्ते अभिमानाने सांगतात, ही कल्पना बाबासाहेबांच्या प्रबंधातली. अभिमान योग्यच आहे. 1925 साली लंडनला त्यांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि बाबासाहेबांनी तो सयाजीराव गायकवाडांना अर्पण केला. पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, आणि 280 व्या कलमाने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमणे बंधनकारक झाले. पण ग्रंथाचे नाव सांगून थांबले तर तो आपण फक्त फोटोसारखा भिंतीवर लावला असे होईल. त्यात प्रश्न कोणता विचारला आहे?

1833 च्या सनदी कायद्याने सगळा पैसा गव्हर्नर जनरलच्या हाती एकवटला. प्रांत खर्च करत, पण उत्पन्न गोळा करण्याची जबाबदारी त्यांची नव्हती. त्यामुळे जो जास्त मागेल त्याला जास्त, अशी उधळपट्टी झाली. 1857 नंतर तिजोरी खाली आली, तेव्हा 1871 पासून मेयोच्या योजनेने प्रांतांना ठरावीक रकमा नेमून दिल्या. 1877 पासून काही महसूल नेमून दिले, 1882 पासून महसुलात वाटणी सुरू केली. इंग्रज याला विकेंद्रीकरण म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले की यात प्रांत स्वतंत्र झाले नाहीत. वरच्या सरकारने स्वतःच्या सोयीसाठी खाते खाली ढकलले, किल्ली स्वतःकडेच ठेवली. आणि ग्रंथाच्या अखेरीस ते पैशाच्या पलीकडे जातात. हे सरकार लोकांना जबाबदार नाही, म्हणून लोकांच्या दुःखाशी त्याचे देणेघेणे नाही आणि समाजातल्या जुनाट अन्यायाला हात घालण्याची त्याची हिंमत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे वाटपाचे सूत्र कितीही चांगले असो, सरकार कुणाला जबाबदार आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे मूल्यमापन होत नाही.

याच कसोटीवर त्यांनी गावालाही तपासले. 1932 साली मुंबई कायदे मंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना राखीव प्रतिनिधित्वाची हमी नसताना पंचायतीला अधिकार देण्यास त्यांनी विरोध केला. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यांनी गावाच्या गोडगुलाबी चित्राचे वाभाडे काढले. 1955 साली भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी बजावले की एका मोठ्या जातीचे वर्चस्व असलेल्या राज्यात लहान समाज दबले जातील. त्या संदर्भात महाराष्ट्राचेही उदाहरण त्यांनी टाळले नाही.

मग बाबासाहेब विकेंद्रीकरणाच्या विरोधात होते का? नाही. ते हमीशिवायच्या विकेंद्रीकरणाच्या विरोधात होते. हमी कशी असावी हे त्यांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात स्पष्ट लिहिले. अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाचा खर्च सरकारांवर बंधनकारक करावा आणि त्या रकमेचा शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर पहिला हक्क असावा. अनुसूचित जातींच्या स्वतंत्र वसाहतींसाठी केंद्राने दरवर्षी 5 कोटी रुपये बाजूला काढावेत. लक्षात घ्या, 'पहिला हक्क'. उरले तर देऊ, असे नाही. आधी यांचे ठेवा, मग बाकीचे बोला.

410 कोटी आणि 335 कोटी

या पहिल्या हक्काची आज काय अवस्था आहे? पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली, 1979-80 पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना. तत्त्व साधे: लोकसंख्येत जितका वाटा, योजनेच्या पैशात किमान तितका वाटा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जाती 11.8 टक्के, अनुसूचित जमाती सुमारे 9.4 टक्के. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर 1993-94 पासून महाराष्ट्राने आदिवासी उपयोजनेसाठी 9 टक्के निधी वेगळा काढण्याची पद्धत सुरू केली आणि देशात तिचे नाव झाले.

त्याच महाराष्ट्रात 2025 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410.30 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335.70 कोटी रुपये महिला व बालविकास खात्याकडे वळवल्याचे उघड झाले. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मंत्र्यालाच आपल्या खात्याचा पैसा राखता येत नसेल तर वसतिगृहातल्या पोराने कुणाकडे बघायचे?

यावर आपल्यातलेही काही जण म्हणतात, "लाभार्थ्यांत आपल्या बहिणी आहेतच ना? मग बिघडले कुठे?" हा युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तो फार गोड आहे. लाडकी बहीण ही सर्व समाजातल्या बहिणींसाठीची योजना आहे. इतर समाजातल्या बहिणीचे 1500 रुपये राज्याच्या सामान्य तिजोरीतून येतात. ती राज्याची नागरिक म्हणून. आणि बौद्ध, मातंग, चर्मकार बहिणीचे 1500 तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीच्या, तिच्याच वस्तीच्या गटाराच्या पैशातून? म्हणजे सामान्य तिजोरीवर तिचा हक्कच नाही का? उपयोजनेचा पैसा नागरिक म्हणून मिळणाऱ्या वाट्याच्या वर, पिढ्यान्‌पिढ्यांची दरी बुजवण्यासाठी आहे. तो नागरिकत्वाच्या जागी वापरणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणे. बहिणींना पैसे द्या, जरूर द्या. पण सर्वांना द्याल त्याच तिजोरीतून द्या.

आणि गंमत बघा. केंद्र राज्याचा हिस्सा उपकराच्या नावाखाली गिळते तेव्हा महाराष्ट्राचा अपमान होतो. राज्य दलित-आदिवासींचा हिस्सा दुसऱ्या योजनेच्या नावाखाली वळवते तेव्हा ते आर्थिक नियोजन ठरते!

बाहेरच्या देशांकडून काय शिकायचे

संघराज्य म्हटले की अमेरिका, जर्मनी, कॅनडाची नावे घेतली जातात. त्यांतल्या अमेरिका आणि कॅनडात राज्यांना कर लावण्याचे मोठे अधिकार आहेत हे खरे. पण त्या देशांच्या तळाच्या माणसाच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते.

पहिले उदाहरण टेक्सासचे. अमेरिकेत शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो. सॅन अँटोनियो शहरात एजवूड हा मेक्सिकन वंशाच्या गरिबांचा शाळा विभाग, आणि जवळच अलामो हाइट्स हा श्रीमंत गोऱ्यांचा. एजवूडचे लोक जास्त दराने कर भरत होते, तरी त्यांच्या शाळांना कमी पैसा मिळत होता, कारण त्यांच्या घरांची किंमतच कमी. पालक न्यायालयात गेले. 1973 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. स्वतःचा कर, स्वतःची शाळा, पूर्ण स्थानिक स्वायत्तता. आणि तिचा अर्थ असा की गरिबाची शाळा गरीबच राहणार. "ग्रामपंचायतीने स्वतःचे उत्पन्न वाढवावे" असा उपदेश वाडीला करणाऱ्यांनी एजवूड वाचावे. घरपट्टी बसवायला आधी घर लागते, आणि घराखालची जमीन नावावर लागते.

दुसरे उदाहरण मिसिसिपीचे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सर्वाधिक असलेले हे राज्य. 1996 साली गरीब कुटुंबांची मदत ठोक अनुदान करून राज्यांकडे दिली गेली. खर्च कसा करायचा ते बरेचसे राज्याने ठरवायचे. पुढे राज्याच्याच लेखापरीक्षकाने काढले की किमान 7 कोटी 70 लाख डॉलर भलतीकडे गेले. त्यातले 50 लाख डॉलर एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल क्रीडागृहाला! गरीब आयांचा पैसा, आणि त्यातून खेळाचे मैदान. आपल्याकडे दलित वस्तीच्या नावाने मंजूर झालेला रस्ता पाटलाच्या वाड्यापर्यंत जातो, तशातलीच ही गोष्ट.

तिसरे उदाहरण कॅनडाचे. तिथे प्रांतांना समतोल राखणारे अनुदान देण्याचे तत्त्व 1982 पासून संविधानात आहे. तरी मॅनिटोबा प्रांतातल्या एका आदिवासी मुलाचे काय झाले पाहा. जॉर्डन रिव्हर अँडरसन आजारी जन्मला. डॉक्टरांनी घरी न्यायला हरकत नाही म्हटले, पण घरच्या शुश्रूषेचा खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, यावर दोन सरकारे भांडत राहिली. 2005 साली तो पाच वर्षांचा असताना रुग्णालयातच वारला. 2007 मध्ये कॅनडाच्या लोकसभेने त्याच्या नावाचे तत्त्व मान्य केले: मुलाला आधी सेवा द्या, बिलाचे भांडण नंतर करा. आपल्या वाड्यांत रस्ता कुणाचा, वन खात्याचा की जिल्हा परिषदेचा, या वादात बाळंतीण झोळीतून खाली आणावी लागते. आपल्याला जॉर्डनचे तत्त्व कधी लागू होणार?

चौथे उदाहरण शेजारच्या नेपाळचे. 2015 च्या संविधानाने तिथे 753 स्थानिक सरकारे निर्माण झाली आणि त्यांचे अधिकार संविधानाच्या परिशिष्टात लिहिले गेले. प्रत्येक प्रभागात एक दलित स्त्री सदस्य बंधनकारक आहे. 2017 च्या निवडणुकीत साडेसहा हजारांवर दलित स्त्रिया निवडून आल्या. एवढे मोठे पाऊल आपल्याकडे अजून पडलेले नाही. पण प्रमुखपदी दलित फार थोडे आणि पैसा बहुतांशी काठमांडूहून येणाऱ्या अनुदानाचा. खुर्ची मिळाली, थैली मिळाली नाही.

आणि पाचवे कर्नाटकचे. आंध्र आणि कर्नाटक या दोन राज्यांनी 2013 साली उपयोजनांचा कायदा केला. पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात काढणे आणि खर्च करणे बंधनकारक झाले. पण कर्नाटकच्या कायद्यातल्या 7(ड) या कलमात पळवाट होती. ती 2023 मध्ये रद्द झाली, तरी हमी योजनांसाठी 2023-24 मध्ये 11 हजार कोटींवर रक्कम याच उपयोजनांतून घेतली गेली, आणि पुढच्या वर्षी त्याहून जास्त. सरकार कोणत्या पक्षाचे, हे विचारू नका. पळवाट दिसली की प्रत्येक पक्ष तिच्यातून जातो.

जर्मनीत आयकराचा 15 टक्के हिस्सा गावा-शहरांच्या संस्थांना मिळतो आणि त्या हक्काला संविधानाचा आधार आहे. आपल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने काय दिले? अकराव्या परिशिष्टात 29 विषय, बाराव्यात 18. विषयांची यादी आहे, करांची यादी नाही. कामे सांगितली, पैसा राज्याच्या मर्जीवर ठेवला.

कर्जतमध्ये ही पायरी कशी दिसते

भिसेगाव कर्जत नगरपरिषदेत आहे. म्हणून आम्हाला ग्रामसभा नाही. आणि प्रभाग समितीची घटनात्मक सक्ती तीन लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच, म्हणून ती हमीही कर्जतला नाही. तालुक्यातल्या गावांत ग्रामसभा आहे, पण 15 व्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, 40 टक्के अबंधित. त्या 40 टक्क्यांत वाडी कितव्या नंबरला लागली ते वाडीवाल्यालाच विचारा.

जिल्हा नियोजन समिती तर आणखी कठीण. संविधान सांगते की तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसला. निवडून आलेली संस्था नव्हती, म्हणून वित्त आयोगाचे अनुदानही अडले. आणि समितीचा अध्यक्ष असतो पालकमंत्री. 18 जानेवारी 2025 ला रायगडचा पालकमंत्री जाहीर झाला, दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, कारण सत्तेतल्या दोन पक्षांना ती खुर्ची हवी होती. एवढी ओढाताण कशासाठी? जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात: सर्वसाधारण, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी उपयोजना. त्या तिन्हींवर या खुर्चीचा शिक्का उठतो. ज्यांच्या नावाने यातल्या दोन थैल्या आहेत त्यांना त्या भांडणात कुणी विचारले?

आता पेसा बघा. 1996 च्या या कायद्याने पाचव्या अनुसूचीतल्या गावांच्या ग्रामसभांना विशेष अधिकार दिले, आणि महाराष्ट्रात 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. पण अनुसूचित क्षेत्राची महाराष्ट्रातली यादी 1985 ची, आणि तिच्यात रायगड जिल्हा नाही. खांडसवरून भीमाशंकरची वाट चढून गेलात की वर आंबेगाव तालुक्यातली आदिवासी गावे पेसात आहेत. खाली कर्जतच्या ठाकूरवाड्या नाहीत. देव एक, बोली जवळची, दारिद्र्य सारखे. फक्त कड्यावरून एक कागदी रेघ गेली आहे. कातकरी समाजाला सरकार स्वतःच विशेष असुरक्षित आदिम जमात म्हणते, रायगडात त्यांची संख्या मोठी, आणि तरी ग्रामसभेचा तो अधिकार त्यांना नाही.

"बाबासाहेब तर बळकट केंद्राच्या बाजूचे होते"

हा आक्षेप आपल्याच बैठकीत हमखास येतो. गावात सत्ता दिली की ती पाटलाच्या घरात जाते, म्हणून पैसा दिल्लीतच बरा, असे म्हणणारे चुकीचे बोलत नाहीत, अनुभवातून बोलतात. मीही एका ग्रामपंचायतीत मागासवर्गीयांसाठीच्या 15 टक्के खर्चाचा हिशेब मागितला, तेव्हा उत्तर मिळाले की तो स्मशानाच्या रस्त्याला टाकला, "तुमची माणसेही तिथूनच जातात ना?"

पण मग दिल्लीत राहिलेला पैसा आपल्याकडे आला का? बळकट केंद्र बाबासाहेबांना दुबळ्यांच्या रक्षणासाठी हवे होते, उपकर साठवण्यासाठी नव्हे. केंद्र हवे ते हमी देण्यासाठी: किमान वाटा ठरवणारे, तो अडवणाऱ्या राज्याला शिक्षा करणारे. खर्चाचा निर्णय मात्र जिथे दुखते तिथल्या माणसाच्या हातात हवा. केरळने 1996 च्या लोकयोजनेत योजनेच्या पैशाचा 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला आणि त्यातून दलित-आदिवासी उपयोजनेचा वेगळा भागही खाली पाठवला. तिथेही तक्रारी झाल्या. पण तक्रार करायला समोर हिशेब होता, आणि हिशेब मागायला माणूस जवळ होता.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या. उपयोजनांचा निधी वळवता येणार नाही, न खर्चलेला पुढच्या वर्षी त्याच खात्यात राहील आणि वळवणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई होईल, असा पळवाटा नसलेला कायदा. राज्याच्या करातला ठरावीक टक्का गावा-शहरांना कायद्यानेच, मंत्र्याच्या सहीशिवाय. कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांचा अनुसूचित क्षेत्रात समावेश. नगरपरिषदेत प्रत्येक प्रभागाची सभा. आणि वस्तीच्या नावाने आलेल्या पैशाचे काम पूर्ण झाल्याचा दाखला त्या वस्तीच्या सभेनेच द्यायचा, त्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघणार नाही. ही शेवटची मागणी छोटी दिसते. प्रस्थापितांना सर्वांत जास्त हीच झोंबेल.

कायदा येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचा असतो. गेल्या तीन वर्षांचा हिशेब माहिती अधिकारात मागा. जिल्हा परिषदेच्या 20 टक्क्यांचाही मागा. दलित वस्ती सुधार योजनेत तुमच्या वाड्याच्या नावाने काय मंजूर झाले त्याची यादी घ्या आणि यादी हातात धरून वाड्यात फिरा. आदिवासी उपयोजनेसाठी पेणच्या प्रकल्प कार्यालयात जा, एकटे नको, वाडीतल्या माणसांना घेऊन जा. बौद्ध आणि आदिवासी यांनी आपापल्या निधीसाठी वेगवेगळे अर्ज करत राहायचे, हेच त्यांना सोयीचे आहे. 410 कोटी आणि 335 कोटी एकाच वेळी गेले. मग मोर्चे दोन कशाला?

14 एप्रिलला मिरवणूक निघेल, डीजे वाजेल. त्याच महिन्यात नवे आर्थिक वर्षही सुरू होते. या वर्षी जयंतीच्या मंडपात एक फलक असाही लावा: आपल्या वस्तीच्या नावाने किती रुपये आले, किती खर्च झाले, कुठे. रकाने रिकामे राहिले तरी लावा. ते रिकामे का आहेत हे विचारायला मग माणसे आपोआप उभी राहतील.

जय भीम! जय संविधान!